12 तारखेला चावी मिळाली तर पहिल्या महिन्याचं भाडं किती द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत वन बीएचके, भाडं 24,000, डिपॉझिट एक लाख, चावी 12 जूनला, करार 11 महिन्यांचा. मालकांना भाडं दर 1 तारखेला हवंय. राहणार तिघं, पण तिसरा 20 जूनला येणार. तो सध्या पीजीत आठवड्याला 2,500 देतो, 'म्हणजे महिन्याला 10,000च ना?' असं विचारलंय.

आधी जूनचं बघू. 30 मधून 12 वजा करून 18 दिवस धरू नका. ज्या दिवशी चावी हातात, तो दिवसही तुमचाच. 12 ते 30 म्हणजे 19 दिवस. 24,000 भागिले 30 म्हणजे दिवसाला 800, आणि 19 दिवसांचे 15,200.

आता खरी गोम. महिना किती दिवसांचा धरायचा हे आजच ठरवून घ्या. जून 30 दिवसांचा असल्यामुळे तुम्हाला आत्ता फरक दिसणार नाही, निघताना दिसेल. तुमचा करार 11 मेला संपेल. मेचे 11 दिवस 30 ने धरले तर 8,800, 31 ने धरले तर 8,516. वर्षाचं भाडं काढून 365 ने भागणारेही भेटतात, त्यांच्या हिशेबाने दिवसाला 789 पडतात. मी 30 धरा म्हणेन, कारण 15,200, मधल्या दहा महिन्यांचे 2,40,000 आणि शेवटचे 8,800 मिळून बरोबर 2,64,000 होतात, म्हणजे 11 पूर्ण महिने. मालकांनाही हे पटेल.

एवढं घोळवून सांगतेय कारण आम्ही यात पोळलोय. 2017 च्या जुलैत कोपरखैरण्यात 16,000 च्या घरात गेलो, तेही 12 तारखेलाच. मालकांनी 30 ने भागून 20 दिवसांचे 10,667 घेतले. जुलै 31 चा असतो हे आमच्या डोक्यातही आलं नाही. 2019 मध्ये 14 फेब्रुवारीला घर सोडलं, तेव्हा त्याच गृहस्थांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या एकेका चौकोनावर बोट ठेवत 28 पर्यंत मोजलं आणि 'निम्मा महिना झाला' म्हणून डिपॉझिटमधून 8,000 कापले. त्यांच्याच जुलैच्या हिशेबाने 7,467 व्हायला हवे होते. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता, 533 रुपयांसाठी कोण भांडणार? म्हणून तुम्ही आजच मालकांना एक व्हॉट्सअ‍ॅप टाका: 'येताना आणि जाताना दोन्ही वेळी महिना 30 दिवसांचा धरू.' त्यांचा होकार आला की स्क्रीनशॉट जपून ठेवा.

नाहीतर सरळ 12 ते 11 असा महिना धरा, मग तुकडेच पडत नाहीत. पण बऱ्याच मालकांना 1 तारीखच हवी असते, कारण त्यांचा होमलोनचा हप्ता त्याच सुमारास जातो.

तिसऱ्या मित्राचं. 12 ते 19 हे आठ दिवस घरात दोघंच, म्हणजे प्रत्येकी रोजचे 400. 20 पासून 11 दिवस तिघं, म्हणजे प्रत्येकी 266.67. तुम्हा दोघांचे 6,133 प्रत्येकी, त्याचे 2,933. एखाद-दुसरा रुपया इकडेतिकडे होईल, त्याचा चहा प्या. डिपॉझिट मात्र पहिल्या दिवसापासून तिघांत समान असू द्या. उशिरा आलेला माणूस लवकर निघाला तर कोणी कोणाला किती परत द्यायचे, यावर मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

पीजीचं 10,000 हे गणित चुकीचं आहे. वर्षात आठवडे 52, चार चारचे गठ्ठे केले तर 13 होतात. 2,500 गुणिले 52 म्हणजे 1,30,000, त्याला 12 ने भागा: महिन्याला 10,833. तुमच्याकडे त्याचा पूर्ण महिन्याचा वाटा 8,000 येईल, पण वीज, गॅस आणि डबा वेगळा. पीजीत जेवण धरलेलं असेल तर ही बचत फार उरणार नाही.

कराराचा खर्चही धरून ठेवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स 11 महिन्यांचं असलं तरी नोंदणी सक्तीची आहे. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, आणि ती एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज यावर लागते. तुमच्या बाबतीत 2,64,000 आणि व्याजाचे साधारण 9,167, म्हणजे ड्युटी सातशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000. एजंट 'अ‍ॅग्रीमेंटचे' म्हणून चार-पाच हजार सांगेल, तेव्हा यातले सरकारी किती हे एवढ्यावरून तुम्हाला कळेल. त्याची दलाली वेगळी, बहुधा एक महिन्याचं भाडं.

सोसायटीचा मेंटेनन्स 24,000 मध्ये धरलाय का, हे तेवढं चावी घ्यायच्या आधी विचारा.