शंभर मीटर बघायला शिकव

प्रिय पोरी,

"सर, आता शंभर मीटर बघतंय तरी कोण?" हा तुझा मेसेज वाचला. फोनवर दोन शब्दांत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून लिहितोय.

तू म्हणतेस ते खोटं नाही. २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत ख्रिश्चन कोलमन ९.७६ सेकंदांत शंभर मीटर धावला, आणि गॅलरीत रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. त्याआधी दहा वर्षं, बर्लिनमध्ये उसेन बोल्टनं ९.५८ ची वेळ दिली, तेव्हा मैदानाचं तोंड न बघितलेली माणसंसुद्धा त्याचं नाव घेत होती. लोक बोल्टला बघायला येत होते. २०१७ ला तो थांबला आणि त्यांचं येण्याचं कारण संपलं. त्यात उत्तेजकांचा डाग. १९८८ ला सोलमध्ये बेन जॉन्सनचं सुवर्ण काही दिवसांतच काढून घेतलं. २०१७ ला लंडनमध्ये, दोनदा बंदी भोगून आलेला जस्टिन गॅटलिन बोल्टला हरवून जिंकला, तर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आज टाळ्या घेतलेली वेळ उद्या रद्द होणार असेल, तर माणूस जीव लावताना कचरणारच. त्याचा राग प्रेक्षकांवर काढू नकोस.

पण शर्यत काही फिकी पडलेली नाही. पॅरिस २०२४ ची फायनल पुन्हा बघ. नोआ लाइल्स ९.७८४, किशेन थॉम्पसन ९.७८९. आठवा आलेलाही ९.९१ मध्ये पोचला. तीस मीटरवर लाइल्स सगळ्यांच्या मागे होता! हे किती जणांच्या लक्षात आलं?

माझं म्हणणं इथंच आहे. आपल्या खासबागेच्या कुस्ती मैदानात पैलवानानं पट काढला की चितपट व्हायच्या आधीच बैठकीतून आवाज येतो. कारण बघणाऱ्याला डाव कळतो. शंभर मीटरमध्ये मात्र लोकांना फक्त निकाल कळतो, आणि निकाल दहा सेकंदांत संपतो. इथलेही डाव आहेत: ब्लॉकमधून, म्हणजे पाय रोवायच्या ठोकळ्यांवरून, वाकून निघणं, मग हळूहळू सरळ होणं, साधारण साठ मीटरच्या आसपास कमाल वेग, आणि त्यापुढे सगळ्यांचाच वेग उतरणं. शेवटी जो कमी मंदावतो तो 'झपाट्यानं पुढे आला' असं दिसतं. पिस्तुलानंतर ०.१ सेकंदाच्या आत हाललं तर फॉल्स स्टार्ट, म्हणजे चुकीची सुरुवात. पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. एवढं सांगितलं तरी बघणारा खुर्चीच्या टोकाला येतो.

दुसरं, माणसाला आपलं कुणीतरी लागतं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला गर्दी होते ती पेठेसाठी, तालमीसाठी. २०२३ मध्ये बुडापेस्टला आपल्या चौघांनी ४×४०० रिलेत २:५९.०५ चा आशियाई विक्रम केला, अमेरिकेच्या पाठोपाठ हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, संपवली, तेव्हा ॲथलेटिक्सशी देणंघेणं नसलेल्यांनीही तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला. जुलै २०२५ मध्ये अनिमेष कुजूरनं शंभर मीटरचा राष्ट्रीय विक्रम १०.१८ वर आणला, त्याची मात्र तुझ्या वर्गात चर्चाही झाली नसेल. जगाच्या मानानं ती वेळ मागे आहे, पण ती आपली आहे.

म्हणून तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. तुझे आजोबा जुने कुस्तीशौकीन, त्यांना पॅरिसची फायनल दाखव. आधी एकदा सरळ, मग हळू करून, तीस मीटरवर थांबवून. आणि मे महिन्यात पेठापेठांची ४×१०० रिले घ्यायची माझ्या मनात आहे. शिवाजी पेठेच्या मुलीनं मंगळवार पेठेच्या मुलीआधी बॅटन दिला की कडेला कोण उभं राहतं ते बघू. तुझ्या पेठेतल्या चार मुली जमवायचं काम तुझं.

सोमवारी वेळेवर ये. ब्लॉकमधून निघाल्यावर तिसऱ्याच पावलाला तू सरळ उभी होतेस, ते आधी दुरुस्त करू.

तुझे सर
कोल्हापूर