डबा कुठाय? जिओकॅशिंग आणि जीपीएसबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात भटकंतीच्या पानावर जिओकॅशिंगचा चार ओळींचा उल्लेख आला होता, म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसने शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा, बस. त्यावर एवढे मेल आले की संपादकांनी सगळे माझ्याकडे ढकलले. सारखे सारखे आलेले प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

ताई, मुलगा स्टुटगार्टला असतो. उन्हाळ्यात आम्ही दोघं गेलो होतो तर सून आणि नातू रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन बाकाखाली, पुलाच्या कठड्याखाली हात घालत फिरायचे. एकदा बोटाच्या पेराएवढी लोहचुंबकाची डबी निघाली, आत कागदाची सुरळी. लोक बघायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हे काय खूळ आहे आणि यात मिळतं काय? (नाशिक)

काकू, मिळत काहीच नाही, ते आधीच सांगून टाकते. मोठा डबा असेल तर आत एखादं खेळणं, बिल्ला, किचेन असतं, ते घेतलं तर बदल्यात तेवढ्याच मोलाचं काहीतरी ठेवायचं. तुमच्या सुनेला सापडली त्या डबीत सुरळीशिवाय काही मावतच नाही.

खूळ म्हणाल तर त्याला सुरुवातीची तारीख आहे. मे २००० च्या आधी सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये अमेरिकन सरकारने मुद्दाम खोट घालून ठेवली होती, तुम्ही उभे इथे आणि यंत्र दाखवणार शंभर मीटर पलीकडे. १ मेच्या रात्री क्लिंटन सरकारने ती खोट काढली आणि ३ मेला ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी एक काळी बादली रानात अर्धीअधिक पुरली, आत पुस्तकं, थोडे पैसे, एक बेचकी आणि चक्क बीन्सचा डबा, आणि अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकून दिले. तीन दिवसांत दोघांनी शोधली पण. महिनाअखेर त्याला जिओकॅशिंग हे नाव पडलं, सप्टेंबरात वेबसाइट आली आणि आज जगभरात तीस लाखांच्या वर डबे आहेत. जर्मनीत तर इतके की सूनबाईंना रोजच्या फिरण्यात एखादा मिळणारच.

लोक बघतात ते मात्र खरं, आणि कोणी बघत असताना डबा काढायचाच नसतो, नाहीतर नंतर कोणीतरी उचलून नेतो. पुढच्या वेळी गेलात ना की तुम्ही बाकावर पिशवी घेऊन निवांत बसा आणि नातवाला खाली हात घालू द्या. आजी बसलेली असली की कोणाला काडीचा संशय येत नाही, खरं सांगते.

मामांनी त्यांचा जुना ईट्रेक्स, म्हणजे हातात धरायचं जीपीएस यंत्र (हॅन्डहेल्ड), मला दिला. वेबसाइटवरचे आकडे नीट बघून भरले, ठिपक्यानंतरचे आकडे सेकंद म्हणून टाकले, तरी अर्धा-पाऊण किलोमीटर भलतीकडेच नेतो. यंत्र गेलंय का? (पुणे)

यंत्र ठणठणीत आहे, "सेकंद म्हणून टाकले" तिथेच सगळं आलं. या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटं असे लिहितात, सेकंद नसतातच. समजा डब्याच्या पानावर उत्तर १८° ३१.२२४′ आणि पूर्व ७३° ५१.४०२′ असं आहे (पुण्याच्या मध्यवस्तीतले आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत, तिथे डबा नाही, धावू नका). यातले ३१.२२४ म्हणजे ३१ मिनिटं आणि वर मिनिटाचा ०.२२४ भाग, त्याला साठने गुणलं की १३.४४ सेकंद होतात. तुम्ही २२.४ सेकंद भरलेत, म्हणजे जवळजवळ नऊ सेकंद जास्त, आणि अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर साधारण ३१ मीटर, झाले पावणेतीनशे मीटर उत्तरेला. रेखांशात तीच गत, २४ च्या जागी ४०.२ सेकंद, तो पावणेपाचशे मीटर पूर्वेला. दोन्ही मिळून सरळ रेषेत साडेपाचशे मीटर चुकलात, आणि पुण्यात साडेपाचशे मीटर म्हणजे अख्खी पेठ बदलते!

सेटअपमध्ये पोझिशन फॉरमॅट उघडा, अंश आणि दशांश मिनिटांचा पर्याय निवडा, तिथेच मॅप डेटम (अक्षांश-रेखांश कुठल्या मोजपद्धतीने धरायचे ते) डब्ल्यूजीएस ८४ आहे ना तेही बघून घ्या कारण जुनं यंत्र कोणी काय करून ठेवलं असेल सांगता येत नाही. मोबाईलच्या नकाशावर हीच जागा १८.५२०४, ७३.८५६७ अशी दिसेल, मिनिटांना साठने भागलं की झालं.

आता खरी गंमत. तिसऱ्या दशांश स्थळाचा एक आकडा म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेने १.८५ मीटर, म्हणून लोकांना वाटतं यंत्र थेट डब्यावर नेऊन उभं करेल. नाही करत. डबा ठेवणाऱ्याच्या यंत्राची चूक चार-पाच मीटर, तुमच्या यंत्राची तेवढीच, वर झाडं असतील तर अजून, मग दहा मीटरच्या गोलात कुठेही असू शकतो. बाण गरागरा फिरायला लागला की नवखी माणसं बाणामागे फिरत बसतात, दोन पावलं इकडे दोन पावलं तिकडे. तसं करू नका. दहा मीटर उरले की यंत्र सरळ खिशात टाका, उभे राहा आणि आपण कुठे लपवला असता ते बघा. चार दगड कोणी मुद्दाम रचल्यासारखे वाटतायत का, खांबाच्या बोल्टांमध्ये एक जरा नवा आहे का, मुळांच्या बेचक्यात पाला फारच नीटनेटका पडलाय का. पानावर हिंट असते ती पण वाचा, मानी लोक वाचत नाहीत आणि तासभर बोंबलत फिरतात.

आम्ही ठाण्याचा ट्रेक ग्रुप. मोबाईलमध्ये जीपीएस असताना वेगळ्या हॅन्डहेल्डवर पैसे घालवायचे का? आणि डोंगरात रेंज नसली तर जीपीएस चालतो का? (ठाणे)

दुसरा प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून तो आधी. रेंजचा आणि जीपीएसचा संबंध नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून सिग्नल पाठवतात, तुमचं यंत्र फक्त ऐकतं, ते कोणाला काही पाठवत नाही. रेंज असली की मोबाईलला उपग्रहांची माहिती नेटवरून पटकन मिळते म्हणून जागा लगेच दिसते, नसली तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यायला अर्धं मिनिट आणि कधी जास्त लागतं. तेवढा वेळ मोकळ्या आकाशाखाली उभं राहा की, काय घाई आहे. पण नकाशा मात्र घरूनच उतरवून न्या, नाहीतर पांढऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका बघत बसाल.

आता पैशाचं. शहरात, बागेत, रविवारी सकाळी फिरायला मोबाईल भरपूर झाला आणि नव्या मोबाईलमध्ये तर जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या रशिया, युरोप, चीनच्या तसल्याच उपग्रह यंत्रणा, काहींत आपला भारताचा नाविक पण असतो, अचूकतेत तो जुन्या हॅन्डहेल्डला मागे टाकतो कधीकधी. ॲन्ड्रॉइडवर सी-जिओ नावाचं फुकट ॲप आहे, त्यात डबे सेव्ह करून नेता येतात. यंत्र विकत घ्यावंसं वाटतं ते पावसाळ्यात. जुलैत हरिश्चंद्रगडावर पडद्यावर पाण्याचे थेंब पडले की टचस्क्रीन स्वतःच बटणं दाबत सुटते, ओल्या बोटाला दाद देत नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर दिसत नाही. बटणांच्या ईट्रेक्सला त्याचं काही नाही, हातातून कातळावर पडला तरी उचलून पुढे चालायचं. दोन पेन्सिल सेलवर पंचवीस तासांच्या आसपास चालतो, आणि सेल संपले तर वाटेतल्या टपरीवर पण मिळतात. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर मेनूत बॅटरी टाइप बदला, नाहीतर बॅटरीचा आकडा भलताच दाखवतो.

घेताना एक बघा. ईट्रेक्स २० किंवा २२ एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही, तुम्ही चालत असलात तरच दिशा कळते, थांबलात की बाण काहीही दाखवतो, बरेच जण तो बिघाड समजून दुकानदाराशी भांडतात. ३० आणि ३२ एक्समध्ये होकायंत्र पण आहे आणि हवेच्या दाबावरून उंची पण मिळते. सेल बदलले की होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट करायचं, यंत्र सांगतं तसं हातात धरून फिरवायचं, लोक हसतात, हसू देत.

आणि कुठलंही यंत्र घ्या, नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी दोन्ही बाजूंनी कडे असले की आकाशाची चिंचोळी पट्टी उरते, सिग्नल कड्यावर आपटून येतो आणि ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची रेषा, भिंतीतून आरपार गेलेला दिसतो. तिथे दुसऱ्याने नेटवर टाकलेल्या ट्रॅकवर डोळे झाकून पाय टाकायचा नाही. रेषा दरीकडे जात असेल आणि मळलेली वाट डावीकडे, तर डावीकडे. वाटाड्याचे पैसे वाचवायला जीपीएस घेत असाल तर घेऊच नका.

ताई मी नववीत आहे. आम्ही चार मित्र मिळून किल्ल्यावर एक डबा पुरणार आहोत, आत चॉकलेट आणि आमची चिठ्ठी. कसा पुरायचा? (सातारा)

अरे थांब! उत्साह छान आहे पण तू एका दमात तीन गोष्टी चुकीच्या लिहिल्यायस. पहिलं म्हणजे किल्ला. बरेचसे किल्ले संरक्षित स्मारक आहेत, तिथे खणणं, दगड हलवणं हा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तुझ्या डब्यापायी दहा जण तटाचे चिरे उपसून बघतील ते तुला चालेल का? दुसरं, जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणून पुरायचा नाही, नियमच आहे. (त्या पहिल्या बादलीला आज कोणी सहजासहजी परवानगी दिली नसती, ना पुरायला ना आतल्या बीन्सला.) तिसरं चॉकलेट. खायचं काहीही ठेवायचं नाही, आपल्याकडे तर माकडं तासाभरात डबा फोडून वही पण फाडून टाकतील, आणि मुंग्यांचं विचारूच नको.

अजून एक, ते तुमच्या वयाच्या मुलांच्या डोक्यात येत नाही. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये वेदरबी गावात असाच एक डबा कोणाला तरी बॉम्ब वाटला, रस्ता बंद करून पथक बोलावलं आणि त्यांनी तो उडवून दिला. आपल्याकडे तर प्रत्येक स्टेशनवर बेवारस वस्तूची घोषणा ऐकत आपण मोठे होतो. म्हणून स्टेशन, एसटी स्टँड, देवळं, सरकारी कचेऱ्या यांच्या आसपास अजिबात नाही. डबा पारदर्शक घे, बाहेर मोठ्या अक्षरात हा खेळ आहे असं मराठीत लिही.

मग कुठे? शाळेच्या आवारात मुख्याध्यापकांना विचारून, किंवा कोणाच्या काकांच्या मळ्यात त्यांच्या परवानगीने. वेबसाइटवर टाकायचा असेल तर दुसऱ्या डब्यापासून निदान १६१ मीटर लांब हवा, आणि तिथले स्वयंसेवक तपासून मगच प्रसिद्ध करतात. त्यांचा मुख्य प्रश्न एकच, पावसाळ्यानंतर वही भिजली तर बदलायला कोण जाणार? तुम्हा चौघांतला एक तरी वर्षभर जाणार असेल तर ठेवा. नाहीतर आधी दुसऱ्यांचे डबे शोधा, ते जास्त मजेचं आहे.

आम्ही सिॲटलला असतो. आई-बाबा पहिल्यांदा येतायत, बाबांना चालायला आवडतं, मॉल बघून ते कंटाळतील. डब्यांच्या निमित्ताने काय दाखवू? डिसेंबरात आम्ही भारतात येऊ तेव्हा माझं यंत्र आणलं तर चालेल ना? (अमेरिका)

तुम्ही तर पंढरीतच राहता! जिओकॅशिंगचं मुख्यालय तुमच्या फ्रीमॉन्टमध्ये, तिथला डबा बघायला जगभरातून लोक येतात, जाण्याआधी वेळ ठरवून घ्या. स्नोक्वाल्मी खिंडीजवळ जुन्या रेल्वेच्या बोगद्यापाशी एक प्रसिद्ध डबा आहे, बाबांना तो आवडेल कारण बोगद्यातून बॅटरी घेऊन चालायचं आहे, आत उन्हाळ्यात पण गारठा, स्वेटर न्या. हिवाळ्यात बोगदा बंद असतो तेवढं बघून जा. आणि गाडीने ओरेगनला जाणार असाल तर पहिली बादली होती तिथे आता स्मृतिफलक आहे. या तिन्हींना मिळून तिथले लोक ट्रायड म्हणतात. एखादा ट्रॅव्हल बग, म्हणजे नंबर कोरलेला बिल्ला, आईंच्या हातात देऊन भारतात पाठवा, तो कुठे कुठे पोचला ते नेटवर दिसतं. असा एक २००८ मध्ये अंतराळ स्थानकावर गेलाय आणि मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर पण ट्रॅकिंग कोडची एक चकती आहे, त्यामुळे भारताचं काय घेऊन बसलात.

यंत्राचं नीट वाचा. नुसता सिग्नल घेणारा हॅन्डहेल्ड असेल तर सहसा अडचण नसते. पण इनरीचसारखं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं असेल तर घरीच ठेवा. सॅटेलाइट फोन आणि असली यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत, डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन पर्यटक बाईंना इनरीचवरूनच पकडलं होतं. बॅगेच्या कोपऱ्यात राहून गेलं वगैरे तिथे कोणी ऐकत नाही. घ्यायच्या आधी मॉडेलचं नाव बघा, दिसायला दोन्ही सारखीच असतात आणि काही मॉडेलमध्ये तर नावाच्या शेवटी एक अक्षर तेवढं वेगळं असतं.

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. एकाला डबा सापडला की बाकीचे चौघं पण वेबसाइटवर "सापडला" असा लॉग (नोंद) टाकतात. मी भांडले तर म्हणाले खेळ आहे, एवढं काय. कोण बरोबर? (बेंगळुरू)

अर्ध्या तुम्ही, अर्धे ते. पाचही जण उन्हात सोबत शोधत होते आणि वहीत पाचांची नावं आहेत तर पाचांचा सापडला, हात कोणाचा लागला ते महत्त्वाचं नाही. गाडीत एसी लावून बसलेल्याचा नाही. आणि ग्रुपवर फोटो आला म्हणून घरी सोफ्यावरून लॉग टाकणाऱ्याचा तर अजिबातच नाही, डब्याच्या मालकाने वही तपासली तर तो लॉग उडवू शकतो आणि उडवावाच. न सापडल्याचा लॉग पण टाकत जा, त्यात कमीपणा कसला, चार जणांनी लागोपाठ "नाही मिळाला" लिहिलं तरच मालकाला कळतं की डबा गेलाय. आणि पेन आपापलं न्या हो, छोट्या डबीत ते मावत नाही, मग काडीने चिखलात बुडवून सह्या करतात लोक.