सायनच्या ट्रॅफिकमध्ये गाडीचं टेम्परेचर चढतं आणि फ्रीवेवर पुन्हा उतरतं, असं का?

बहुतेक वेळा रेडिएटरचा पंखा लागत नसतो. गाडी पळताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. सायनला उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर.

मुळात तापमान सांभाळतो थर्मोस्टॅट. त्यात मेण भरलेली छोटी कुपी असते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ ते ९० अंशांना मेण वितळून फुगतं, झडप उघडते, कूलंट रेडिएटरकडे जातं. तरीही तापमान चढलंच तर सेन्सर पंखा लावतो.

पंखा चालतो का ते बघायला बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरतो. नाही फिरला तर आधी फ्यूज आणि रिले (पंख्याला वीज देणारा स्विच) बघायला सांगा, मग मोटर.

काटा लाल पट्ट्याकडे निघाला तर एसी बंद, हीटर फुल (मुंबईच्या उकाड्यात नको वाटेल, पण इंजिनाची उष्णता त्यातून बाहेर पडते) आणि गाडी बाजूला घ्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण कृपा करून उघडू नका. दाबामुळे १०० अंशांच्या वरही न उकळलेलं कूलंट दाब सुटताच उसळून थेट तोंडावर येतं.