पांढरीतल्या घराबद्दल, पावसाळ्याआधी

प्रिय बेटा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आजोबांच्या घरात राहायला जायचे तू ठरवलेस, याचा आनंद झाला. मात्र मिस्त्रीने पहिल्याच भेटीत भिंती सिमेंटने छापून घ्यायला आणि कवेलू, म्हणजे छपरावरची कौले, काढून टिनपत्रे टाकायला सांगितले, हे वाचून मी त्याच रात्री लिहायला बसलो, कारण हाच सल्ला पंचवीसेक वर्षांपूर्वी मी मानला होता. आमच्या घराची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात भिजते म्हणून मी तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन वर्षे ती सुरेख दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याचा दाराएवढा तुकडा सुटून अंगणात पडला, त्याच्या पाठीला बोटभर जाडीची माती चिकटून आली होती आणि आत उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, नळ्यांचे जाळे पसरले होते. मातीची भिंत जमिनीतून आणि हवेतून ओल घेते व उन्हात ती सोडून देते. सिमेंटने तिची बाहेर जाण्याची वाट बंद केली की ओल आत साचते, भिंत मऊ पडते आणि वरून मात्र काहीच कळत नाही. म्हणून माझे सांगणे असे की एक पावसाळा या घरात काढल्याशिवाय भिंतींना हात लावू नकोस. कवेलू आणि पाण्याची वाट एवढी दोनच कामे आधी कर, ती थांबणार नाहीत.

पाण्याची वाट हा तुझ्या घराचा खरा प्रश्न आहे, असे मला वाटते. आपल्या वाडवडिलांनी काळी शेतीला ठेवली आणि वस्ती पांढरीवर केली, कारण काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि तिच्यावरचे घर तिच्याबरोबर हलते. तुझ्या आजोबांचे घर जुन्या गावठाणात आहे, जोते दगडाचे आहे, त्यामुळे पायाची काळजी कमी. परंतु तुमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, काही वर्षांनी जुना न खोदता त्याच्यावरच दुसरा झाला, आणि आज ओट्याच्या तीन पायऱ्यांपैकी एकच उरली आहे, हे मी मागल्या दिवाळीला पाहिले. पूर्वी अंगणातले पाणी गल्लीत जात होते, आता गल्लीतले पाणी तुझ्या जोत्याशी येते. पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन दारात उभी राहा आणि पाणी कुठून येते, कुठे थांबते, किती वेळाने ओसरते ते स्वतः पाहा. भिंतीच्या बुडाशी थांबत असेल तर भिंतीलगत नाली खणू नकोस, कारण तीच पायात पाणी मुरवते. भिंतीपासून दोन-तीन हात दूर, उताराच्या दिशेने पाट काढ आणि भिंतीलगतची जमीन मुरूम घालून बाहेरच्या बाजूला उतरती कर. न्हाणी मागच्या भिंतीला टेकवून बांधायचा विचार तू लिहिला आहेस, तो सोडून दे. बांधायचीच तर परसात सुटी बांध. तिकडे माती काळी असल्यामुळे तिचा पाया जुन्या जोत्याला जोडू नकोस, नाहीतर दोन्ही वेगवेगळे हलतील आणि सांध्यात भेग पडेल.

कवेलू रोहिणीच्या आत फेरून घे, म्हणजे उतरवून नीट पुन्हा रचून घे. मृग लागल्यावर या कामाला माणूस मिळत नाही. भर दुपारी माजघरात दारे लावून उभी राहिलीस की छतात उजेडाचे ठिपके दिसतील, तितक्या जागा खडूने वाशांवर खुणावून ठेव, म्हणजे वर चढणाऱ्याला शोधावे लागणार नाही. (वानरांची टोळी एका सकाळी हे सगळे काम उलटून टाकू शकते, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.) टिनपत्र्यांचे म्हणशील तर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत दुपारी बसून पाहा आणि मग ठरव.

लाकूड सागवानी आहे, म्हणून निर्धास्त राहू नकोस. सागाच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही, पण बाहेरच्या फिक्या भागाला लागते, आणि मयालीचे, म्हणजे छताच्या आडव्या तुळईचे, टोक जिथे भिंतीत शिरते तिथे ओल टिकते. त्या टोकाशी दाभण दाबून पाहा. लाकूड चांगले असेल तर दाभण टोकापुरतेच रुतते, सडले असेल तर लोण्यात गेल्यासारखे आत जाते. भिंतीवर उधईची नळी दिसली तर ती एका जागी मोडून ठेव. दोन दिवसांत ती पुन्हा जोडली गेली तर वसाहत जिवंत आहे असे समज.

भेगांना घाबरून जाऊ नकोस, पण त्यांची नोंद ठेव. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिही. रेघेच्या पुढे भेग सरकली नाही तर ती जुनी आहे, तिला माती भरली की झाले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि पावसाळ्यात रुंदावणारी भेग मात्र पायाबद्दल बोलते. भिंत पोट काढत असेल तर त्या खोलीत झोपू नकोस आणि आधी वरच्या छताला टेकू लाव.

पावसाळा संपल्यावर भिंतींची छपाई, म्हणजे गिलावा, मातीचीच कर. चाळलेली पांढरी माती, गव्हाचे कुटार (भुसा) आणि शेण पाण्यात कालवून आठवडाभर आंबू दे, रोज पायांनी तुडव; त्याला आंबूस वास आला आणि मुठीत दाबलेला गोळा वाळून तडकला नाही की माल तयार. तडकला तर वाळू वाढव. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले आदि निवास १९३६ साली उभे राहिले, तेही माती, बांबू आणि कवेलूंचेच आहे. त्याची नियमित निगा राखली जाते म्हणून ते आजही पाहता येते. मातीच्या घराला दरवर्षी हात लागावा लागतो, हे तुला जाचक वाटत असेल तर आताच मोकळेपणाने सांग.

कागदांचे थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. गावठाणाची मोजणी झाली असेल तर आखीव पत्रिका काढून घे आणि तिच्यावरची हद्द जागेवर जाऊन ताडून पाहा. उत्तरेची भिंत शेजारच्या काकूंशी सामाईक आहे. त्यांच्या छपराच्या उताराचे पाणी तुझ्या भिंतीवर पडते म्हणून तक्रार घेऊन जाऊ नकोस. चहाला जा, ती भिंत कोणी व केव्हा बांधली ते विचार, आणि पन्हाळ दोघींच्या खर्चाने बसवायची गोष्ट शेवटी काढ. तुझ्या घराचे पूर्वी कुठे काय बुजवले, कोणता दरवाजा चिणला, हे सांगणारे त्या गल्लीत आता त्यांच्याशिवाय फारसे कोणी उरलेले नाही.

आणि कोठ्यात आजोबांनी रचून ठेवलेले कवेलू भंगारवाल्याला देऊ नकोस. हाताने थापलेले तसे कवेलू करणारा कुंभार आता आपल्या भागात मिळणे कठीण झाले आहे. पुढच्या गल्लीतले पडके घर उतरवणार आहेत असे ऐकतो. तिथलेही शे-दोनशे मागून ठेव.

तुझा,
बाबूजी