सच्छिद्र नॅनो पदार्थांमुळे हवा-पाणी खरंच स्वच्छ होतं का?

हो, होतं. त्याचा एक नमुना तर तुमच्या पेट्रोल गाडीखालीच बसवलेला असतो. तुर्भ्याच्या एका गॅरेजात मी कापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीचा धूर स्वच्छ करणारा डबा, हातात घेऊन पाहिलाय. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी. पण खरं काम करतो तो त्या भिंतींवरचा ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर. त्याची छिद्रं नॅनोमीटरमध्ये मोजायची, डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे कण विखुरलेले असतात. त्यांच्यामुळे विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन.

छिद्रं कशाला? जागेसाठी. चांगल्या सक्रिय कोळशाच्या (फिल्टरमध्ये वापरतात त्या सच्छिद्र कोळशाच्या) एका ग्रॅममध्ये सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे कबड्डीची सात-आठ मैदानं चिमूटभर भुकटीत! ज्या धातू-सेंद्रिय जाळ्यांसाठी (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र पदार्थांसाठी) कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातल्या काही तर याच्या कितीतरी पुढे आहेत.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. नुसता कोळसा घाण धरून ठेवतो, भरला की बदलावा लागतो. उत्प्रेरक, म्हणजे वरच्या प्लॅटिनमसारखा रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, तिचं रूपांतर करतो आणि स्वतः खर्च होत नाही. पण छिद्रं काजळीने बुजली किंवा गंधक चिकटलं, की तोही मंदावतो. त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्याच्या सांडपाण्यासाठी कुणी ‘एकदा बसवा आणि विसरा’ म्हणालं, तर अजिबात विश्वास ठेवू नका. आधी तेल आणि गाळ काढावाच लागतो.

हीच छिद्रं ऊर्जेसाठीही कामी येतात: हायड्रोजनवरच्या फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या साधनात) प्लॅटिनमचे कण सच्छिद्र कार्बनवर पसरतात, म्हणून तो महागडा धातू थोडक्यात भागतो.