आजोळी येताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला अमेरिकेहून दोन्ही मुलांना घेऊन गावी येतेयस, ऐकून फार बरं वाटलं. पण ‘आपल्याच घरी तर यायचंय’ असं तू लिहिलंस, तिथे मी अडखळले. घर तुझं खरं. इथलं पाणी, डास आणि कुत्री मुलांना नवीनच आहेत. माझ्या दवाखान्यात सुट्टीत आजारी पडून येणारी परदेशातली मुलं बहुतेक हॉटेलात नाही, आजोळीच उतरलेली असायची.

निघण्याआधी चार ते सहा आठवडे तिथल्या डॉक्टरांना गाठ. धाकटी आठ महिन्यांची. तिकडे गोवराची लस पहिल्या वाढदिवसानंतर देतात, पण परदेशी जाणाऱ्या बाळाला सहा महिन्यांनंतर एक जादा डोस देतात. तो हिशोबात धरत नाहीत, पुढचे दोन घ्यावेच लागतात. हिपॅटायटिस ‘ए’च्या, म्हणजे दूषित पाण्या-अन्नातून होणाऱ्या काविळीच्या लसीचंही विचार. थोरल्याला टायफॉइडची लस हवीच. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र गावाचं नाव सांगून ठरव.

मला खरी काळजी थोरल्याची आणि गावातल्या कुत्र्यांची. सहा वर्षांचं पोर पिल्लू दिसलं की धावणारच. ओरखडा उठला तर ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. म्हणून त्याला आत्तापासून रोज सांग: ‘चावलं, ओरखडलं, जखमेवर चाटलं, तर लगेच मला सांग, मी रागावणार नाही.’ जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, अगदी घड्याळ लावून. आजी हळद, चुना, तिखट घेऊन आली तर प्रेमाने अडव. त्याच दिवशी लस सुरू झाली पाहिजे. कातडी फाटून रक्त आलं असेल किंवा जखमेवर चाटलं असेल, तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते तालुक्याला मिळतं का हे भावाला आधीच विचारून ठेवायला सांग. निघण्याआधी सात दिवसांच्या अंतराने लसीचे दोन डोस घेतले असतील, तर चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, फक्त लसीचे डोस लागतात. मी तर ते घेच म्हणेन.

मुंबईहून गावापर्यंतची गाडी ठरवताना मागच्या सीटचे पट्टे चालतात का विचार. बरेचदा ते सीटकव्हरखाली दडपलेले असतात. मुलांच्या सीट तिकडूनच आण. रात्रीचा प्रवास टाळ, हट्टाने टाळ.

पाणी उकळलेलं. जुलाब झाले तर डब्ल्यूएचओ सूत्राची ओआरएस पावडर, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवायची. गोड डबाबंद पेय नको. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे सकाळपासूनच घाल.

परत गेल्यावर काही आठवड्यांनीही ताप आला, तर सर्दीचा म्हणून वाट बघू नकोस. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि आत शिरताच ‘आम्ही भारतात होतो’ हे आधी सांग.

तुझी,
डॉक्टर मावशी