ब्लॅक होलला केस असतात का? हो, पण जरा थांब

अरे भिया, एका पोस्टीत दोन प्रश्न घातलेस. सर म्हणाले ब्लॅक होलला वस्तुमान, चार्ज आणि फिरकी सोडून काही ओळख नसते (हेच ते ‘नो-हेअर’ प्रमेय: ब्लॅक होलला ‘केस’, म्हणजे इतर खुणा, नसतात), आणि तू वाचलंस की ‘रंगीत’ ब्लॅक होल असतात, तर खरं कोण, आणि त्यात सॉलिटॉन, म्हणजे न विखुरता स्वतःच एकत्र राहणारा फील्डचा गोळा, कुठून आला. सर बरोबरच आहेत, फक्त ते प्रमेय कुठल्या अटीवर उभंय ते पिरियडमध्ये राहून गेलं असेल.

ते सिद्ध झालंय निर्वातासाठी आणि मॅक्सवेलच्या, म्हणजे विद्युतचुंबकीय, फील्डसाठी. मॅक्सवेलची समीकरणं रेषीय, फील्ड स्वतःच्या वाटेला जात नाही. यांग-मिल्सचं फील्ड, म्हणजे अणुकेंद्रातल्या बलांच्या सिद्धांतात वापरतात ते, मात्र स्वतःशीच भांडतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

आता बघ, नुसत्या ग्रॅव्हिटीत स्टॅटिक सॉलिटॉन मिळत नाही, सपाट स्पेसटाइममध्ये नुसत्या यांग-मिल्सचाही मिळत नाही कारण ते फील्ड पसरायलाच बघतं, म्हणून दोन्ही एकत्र केले तरी हाती काय लागणार असंच वाटतं ना, पण १९८८ मध्ये बार्टनिक आणि मॅकिनननी कॉम्प्युटरवर समीकरणं सोडवली आणि उत्तर चक्क मिळालं! फील्ड बाहेर ढकलतंय, ग्रॅव्हिटी आत ओढतेय, आणि मधे तोल साधलाय.

हे नुसतं वाचू नकोस, करून बघ. एसयू-२ (यांग-मिल्सचा सगळ्यात साधा प्रकार) आणि गोल सममिती घेतली की फील्ड एकाच फंक्शनमध्ये मावतं, त्याला डब्ल्यू म्हणतात. केंद्रापाशी डब्ल्यू = १ − बी × आर² (आर म्हणजे केंद्रापासूनचं अंतर, बी हा आपण निवडायचा आकडा) असं सुरू करायचं आणि बाहेरच्या दिशेने इंटिग्रेट करत जायचं. बी साधारण ०.४५३७ ठेवलास तर डब्ल्यू एकदा शून्य ओलांडून −१ वर जाऊन टेकतो. बी किंचित कमी पडला तर −१ च्या खाली सुसाट पळतो, किंचित जास्त झाला तर −१ गाठायच्या आधीच उलटा फिरतो. पायथनमध्ये एका संध्याकाळचं काम आहे, फक्त टॉलरन्स (किती चूक चालेल ती मर्यादा) डीफॉल्टवर ठेवू नकोस, नाहीतर उगाच डोकं धरून बसशील. बी ०.६५१७ च्या आसपास नेलास की दोनदा शून्य ओलांडणारं उत्तर मिळतं, आणि अशी पुढे अनंत मालिका आहे.

ब्लॅक होलसाठी समीकरणं तीच, सुरुवात केंद्राऐवजी होरायझनवरून, म्हणजे ब्लॅक होलच्या सीमेवरून. व्होल्कोव-गाल्त्सोव, बिझोन वगैरेंनी १९८९-९० मध्ये हेच केलं, आणि हेच ते ‘रंगीत’ ब्लॅक होल. लांबून चार्ज शून्य दिसतो, म्हणजे तेवढ्याच वस्तुमानाचं साधं श्वार्झशिल्डही (चार्ज नसलेलं, न फिरणारं ब्लॅक होल) असू शकतं, पण होरायझनबाहेरचं फील्ड वेगळं. नुसतं वस्तुमान आणि चार्ज सांगून कुठलं ब्लॅक होल ते कळत नाही, हेच ते ‘केस’.

आता सर म्हणतील की हे टिकतात कुठे. बरोबर, स्ट्राउमान आणि झोऊनी १९९०-९१ मध्येच दाखवलं की बार्टनिक-मॅकिनन सॉलिटॉनला जरा धक्का लागला की तो एकतर कोसळून ब्लॅक होल होतो नाहीतर उधळून जातो, रंगीत ब्लॅक होलचीही गत फार वेगळी नाही. पण तेवढ्यावर विषय मिटवणं मला पटत नाही. एक म्हणजे १९९६ मध्ये चॉपट्युइक, श्माय आणि बिझोननी दाखवलं की कोसळणं आणि उधळणं यांच्या सीमेवर काही वेळा नेमकं हेच पहिलं, एकदा शून्य ओलांडणारं उत्तर बसलेलं सापडतं, म्हणजे अस्थिर असूनही कामाचं. दुसरं म्हणजे यांग-मिल्सच्या जागी स्कर्मचं फील्ड (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांच्या एका मॉडेलमधलं) घे, तिथे केसवाल्या ब्लॅक होलची एक शाखा छोट्या धक्क्यांना पुरून उरते. सरांना हा स्कर्मवाला मुद्दा विचार, ‘अस्थिर आहे’ म्हणून तिथे सुटका नाही.

इंदूरमध्ये खंडवा रोडच्या कॅम्पसवरून माझं राजेंद्रनगर काही लांब नाही, कोड अडलं तर लॅपटॉप घेऊन रविवारी ये.